पाचऐवजी सहा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या समोर येऊन काही विचारणार नाही.

माझे बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते, आणि हौशी रेडिओवाले — घरच्या वायरलेस सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलणारे. थेरगावच्या आमच्या गच्चीवर त्यांच्या अँटेनाची तार ताणलेली असे. रिटायर झाल्यावर तर सकाळ-संध्याकाळ माइक हातात. आई गेली, आणि वर्षभरात त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं — जीव वाचला, आवाज गेला. माइक त्यांनी दिघीच्या गायकवाडकाकांना देऊन टाकला. काका त्यांचे कंपनीतले जुने सोबती, आणि तेही रेडिओवाले.

मग सेट कॉम्प्युटरला जोडून दिला तो मीच. हो, मीच. एका तारेतून आवाजाची ये-जा, आणि दुसरी यूएसबीची — तिच्यातून कॉम्प्युटर सेटला सांगणार, ‘आता पाठव’. बाबा दोन बोटांनी टाइप करत, इंग्रजी अक्षरांत मराठी. ते रेडिओवरून जाऊन तिकडे काकांच्या स्क्रीनवर उमटे. केबल कुठल्या पोर्टवर आहे, एवढंच कॉम्प्युटरला सांगून ठेवावं लागे. आमची पाचवर होती. यादीत सहाही दिसे, पण त्यावर काहीच नव्हतं.

बाबा मोबाइलला हात लावत नसत. माझ्याशी बोलायचं तर वहीत लिहीत. चहा. गोळी. पंखा बंद कर. याहून जास्त माझ्याशी त्यांना कधी बोलायचंच नसे — आवाज होता तेव्हाही.

एकदा निघोज्याच्या कंपनीतून थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी आलो. बाबा आंघोळीला गेले होते, स्क्रीन चालू होती. मी वाचलं. वाचायला नको होतं का? हो, नको होतं. काकांना त्यांनी आईबद्दल लिहिलं होतं, चांगलं पानभर. ‘शेवटच्या रात्री तिनं पाणी मागितलं. मला झोप लागली होती.’

आई गेली त्या रात्री मी शेजारच्या खोलीत होतो. पाण्याचं मला त्यांनी कधी सांगितलं नाही. वहीच्या एका ओळीतही नाही.

अशा वेळी मुलाला काय वाटायला हवं? त्या माणसाची दया यायला हवी ना? मला राग आला. वाटलं, माझ्याशी मुके आहात ना — मग सगळ्यांशीच व्हा. खुर्चीत बसलो, पाचाचे सहा केले, आणि चहा ठेवायला गेलो.

समोरच्याचं येत होतं, त्यांचं जात नव्हतं. मी बाबांना सांगितलं, "केबलमधली चिप उडालीये. नवीन मागवलीय." त्यांनी मान हलवली. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नसे, आणि माझ्यावर विश्वास होता. काका हाका मारत राहिले. ‘अशोक, आहेस का?’ बाबा उत्तर टाइप करत, बटण दाबत, आणि पाठवताना लागणाऱ्या सेटवरच्या लाल दिव्याकडे बघत बसत. दिवा लागत नसे. मग पुन्हा टाइप करत. मी दारात कप घेऊन उभा राहून बघायचो. मला बरं वाटायचं. — हा शब्द मी बदलणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात काका स्वतः आले. गुडघे गेलेले, एकेक पायरी धरून चढत होते. मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"काय रे, बरा हाय ना अशोक? उत्तर देत न्हाई."

"बरे आहेत. पण काका, त्यांना आता ते नको वाटतं. हाका आल्या की चिडतात."

"माझ्यावर?"

"सगळ्यांवरच. झोपलेत आत्ता. नका उठवू."

बाबा जागे होते. काका कठड्याला धरून खाली उतरले. त्यांनी इतर रेडिओवाल्यांनाही सांगितलं असणार. स्क्रीन कोरी झाली.

महिन्याभरानं बाबांनी वही पुढे केली. ‘केबल आली तरी राहू दे. आता कोणी हाक मारत नाही.’ मी वाचलं, ‘बरं’ म्हणालो, आणि डबा घेऊन शिफ्टला गेलो.

त्यानंतर ते आठ महिने जगले. सहाचे पाच करायला एक मिनिट लागतं. आठ महिन्यांत रोज मी त्या कॉम्प्युटरसमोरून गेलो.

दिवसपाणी झाल्यावर काका सेट मागायला आले, आठवण म्हणून. म्हणाले, चालतोय का बघू. मी त्यांच्यासमोर केबल लावली, पाठ त्यांच्याकडे करून पाच निवडलं, बटण दाबलं. दिवा लागला.

काका त्या दिव्याकडे बघत होते.

"सेट तर चांगलाय," ते म्हणाले. "म्हंजे आमीच नको झालो व्हतो त्याला."

मी म्हणालो, "हो."