खिरापत कोणाची होती?

किती केसेस केल्या आणि विसरले, ही एक मात्र अजून जात नाही डोळ्यांपुढून. तेव्हा मी नाशिकला फौजदार होते. सातवीतल्या एका मुलीशी क्लासच्या सरांनी गैरवर्तन केलं होतं. साध्या वेशात घरी जाऊन मी तिचा जबाब घेतला, पोक्सोखाली गुन्हा नोंदवला, सरांना अटक झाली. आता लेकरू शाळेत जाईल, असं मला वाटलं.

तर तिची आईच ठाण्यात आली आणि मोबाईल पुढे धरला. मुलीचा फोटो, नाव, शाळा, खाली 'आपल्या लेकीला न्याय द्या.'

"मॅडम, सगळ्या शाळेत फिरलाय. ती खोलीचं दार लावून बसलीय. हे म्हणतात, नाशिकच सोडू."

पोक्सोत मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हाच. तो नोंदवला. पण ज्याला बोलवावं तो म्हणे, "मला दुसऱ्याकडून फॉरवर्ड होऊन आलाय."

मी आपली फोटोच बघत बसले. सोसायटीतला भोंडला होता. पाटावर हत्ती, आणि सगळ्या मुली फेर मोडून, काहीतरी ओरडत थेट कॅमेऱ्याकडे बघताहेत; फोटोसाठी उभ्या राहिल्यासारख्या नव्हेत. आता भोंडल्यात सगळ्या एकीकडे कधी बघतात? खिरापत ओळखताना. झाकलेला डबा जिच्याजवळ, तिच्याकडे. म्हणजे फोटो तिनंच काढलेला.

मुलीच्या दाराशी जाऊन विचारलं, "बाळा, त्या दिवशी खिरापत कोणाची होती?"

आतून आवाज आला, "समोरच्या काकूंची. सुरळीच्या वड्या. कोणालाच ओळखता नाही आल्या."

या काकू म्हणजे प्रकरण झाल्यापासून मुलीच्या घरी रोज जेवण पोचवणाऱ्या. ठाण्यात बसवलं, पाणी दिलं, फोटोचं विचारलं.

"मीच टाकला. तिच्याच बाजूनं लिहिलंय ना मॅडम? म्हटलं, लोक मोर्चा काढतील."

"तिला विचारलंत?"

"एवढ्याशा पोरीला काय विचारायचं?"

मोबाईल पंचांसमोर जप्त केला. पहिला मेसेज त्यातच सापडला. पुढे कोर्टात काकूंना शिक्षाही झाली. हल्ली लोक म्हणतात, अशा गुन्ह्याला शिक्षा वाढवा. वाढवावीच. मुलांचं खासगी फक्त वाईट माणसंच चव्हाट्यावर आणतात असं नाही. कळवळा आलेली माणसंही आणतात, आणि आपण गुन्हा केला हे त्यांच्या गावीही नसतं. ते कळण्यापुरती तरी जरब हवी.

मुलगी मामाकडे कळवणला शिकायला गेली. पुढच्या नवरात्रात तिच्या आईचा फोन आला. तिथल्या भोंडल्यात ती आधी लांबच उभी राहिली. म्हणाली, "कोणी फोटो काढणार नाही ना?" बायका मोबाईल घरात ठेवून आल्या, तेव्हा ती फेरात शिरली.