चार मात्रांची जागा

जळकोटच्या दगडोबांना मुंबईच्या हॉटेलात ‘डग्लस’ म्हणत. वडील सिकंदराबादच्या लष्करी मेसमध्ये आचारी होते. दुपारी साहेबलोक झोपले की दगडोबा तिथल्या पियानोवर बसत. त्या जोरावर पुढं त्यांनी मुंबईत बारा वर्षं जाझ वाजवला. लोक जेवत होते. ऐकत होते असा पुरावा नाही.

हॉटेलांतले बँड बंद पडले तेव्हा ते नाटक-सिनेमाकडं वळले. संगीतकार चाल गुणगुणत. कुठं व्हायोलिन, कुठं बासरी, हे सगळं दगडोबा कागदावर लिहीत. पडद्यावर नाव संगीतकाराचं. रीतच होती, आणि रीतीविरुद्ध तक्रार करायला त्यांना कधी सवड झाली नाही. मग डाव्या हाताची दोन बोटं आखडली आणि पियानो सुटला. एकोणऐंशी साली ते गावी, धाकट्या बहिणीकडं, कमलबाईकडं आले. तोवर स्वतःची म्हणावी अशी एकही रचना कुठं वाजली नव्हती.

ती संधी नव्या सहकारी साखर कारखान्यानं दिली. पहिला गळीत हंगाम. चेअरमन तात्याराव गव्हाणीत उसाची मोळी टाकणार, त्याआधी बँड हवा. दगडोबांनी सात मिनिटांची रचना लिहिली. अणदूरच्या बँडमध्ये नोटेशन कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून सहा आठवडे प्रत्येकाचा भाग गाऊन पाठ करून घेतला. मध्यावर त्यांनी चार मात्रा पूर्ण शांतता ठेवली होती.

“मास्तर, ही जागा भरा की,” बँडचे म्होरके पंचाक्षरी म्हणाले. “वाजंत्री गप झाली की लोकांना वाटतं नवरदेव पळाला.”

“पळू दे. तेवढ्यासाठीच बाकीचं लिवलंय.”

हंगाम सुरू व्हायच्या दिवशी कमलबाई नवं लुगडं नेसून पुढं बसली. ती जागा आली. बँड थांबला. संपलं समजून टाळ्या पडल्या. तात्यारावांनी लगोलग नारळ फोडून मोळी टाकली आणि यंत्रं धडधडू लागली. चार मात्रा टाळ्यांतच संपल्या होत्या; बँडनं शिकवल्याप्रमाणं उरलेलं सगळं वाजवलं. कुणाला ऐकू आलं नाही, दगडोबांनाही नाही. ते शेवटपर्यंत हात हलवत राहिले.

“थोडक्यात आटपलं, लई बेस केलं,” तात्याराव म्हणाले.

“दादा, वाजलं का तुमचं?” कमलबाईनं विचारलं. “मला नुसते फुगलेले गाल दिसले.”

“वाजलं की.”

आठ दिवसांनी पंचाक्षरी घरी आले. “रविवारी लग्न हाय, मास्तर. अख्खं वाजवतो. फकस्त त्या चार मात्रांत ढोल घालू द्या.”

दुसऱ्यांच्या सांगण्यावरून दगडोबांनी आयुष्यभर ढोल घातले होते.

“न्हाय.”

“मग ऐकणार कोण?”

दगडोबांनी चहाची कपबशी पुढं सरकवली. पंचाक्षरी चहा पिऊन गेले.

पुढच्या वर्षी पाऊस नाही, ऊस नाही. कारखाना पेटलाच नाही. बँडवाले आपापले भाग विसरले. दगडोबा दुपारी कागद काढून पहिल्या ओळीपासून मनात वाचत, मध्ये चार मात्रा थांबत, आणि राहिलेलं वाचून काढत. कमलबाई तेवढा वेळ भांड्यांना हात लावत नसे.