टॉवेल-टोपी घेऊन बसलेले तायडे सर

तायडे सरांचा व्हिसा नाकारला, ही बातमी राजापेठेत चहाच्या टपरीवर जन्मली. भाजीवालीपर्यंत पोचेस्तोवर तिला हातपाय फुटले होते. सरांना म्हणे विमानतळावरून परत पाठवलं, पासपोर्टवर लाल शिक्का मारला, आणि त्यांच्या बायकोनं, पौर्णिमाबाईंनी, तर तिकडे न्यूझीलंडात कोण्या गोऱ्याशी दुसरा संसारच मांडला. गल्लीनं मनापासून हळहळ केली. मनापासून हळहळ करायला मिळते कधी रोज रोज?

आता खरं सांगायचं तर यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. व्हिसा कधीचाच आला होता. सरांनी तो मोबाइलवर उघडला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मोबाइल उशीखाली ठेवून दिला. सांगितलं मात्र कोणालाच नाही.

देवानंद तायडे म्हणजे टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर परदेशी निघालेल्यांना इंग्रजी शिकवणारे सर. अंजनगाव सुर्जीपासून अकोल्यापर्यंतची पोरं त्यांच्या डगमगत्या बाकांवर बसून गेली आणि पार न्यूझीलंडात जाऊन घरदार करून बसली. सर स्वतः कधी मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते. पण तिकडे घरमालकाशी काय बोलायचं, साहेबाला नावानं हाक मारताना जीभ कशी अडू द्यायची नाही, हे असं रंगवून सांगत की वाटावं, माणूस सकाळच्याच विमानानं उतरला.

पौर्णिमाबाई खासगी दवाखान्यात नर्स. ड्यूटी सुटली की सरांना घ्यायला माळ्यावर यायच्या आणि शेवटच्या बाकावर बसून वाट पाहायच्या. वाट पाहता पाहता बाई सगळं शिकल्या. सरांनी त्यांना कधी विद्यार्थ्यांत धरलंच नाही. इंग्रजीची परीक्षा दिली हेसुद्धा सरांना निकालाच्या दिवशी कळलं. दीड वर्षापूर्वी बाई न्यूझीलंडातल्या हॅमिल्टन नावाच्या गावी वृद्धाश्रमात कामाला लागल्या, मागून लेक प्रियदर्शनीला घेऊन गेल्या, आणि आता पाळी सरांची. तीही बायकोच्या व्हिसावर.

समोरचे नत्थुजी, ज्यांची अंजनगावकडे संत्र्याची बाग आहे आणि जिभेवर लगाम नाही, त्यांनी ओट्यावर बसून याचा अर्थ लावला. "म्हंजे घरजावईच म्हणा ना. सासऱ्याच्या घरी नाई, डायरेक्ट देशात."

सर हसले. पण ते वाक्य बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

त्यात सरांच्या हातून एक चूक झाली होती, आणि ती आपल्याकडचाच माणूस करू जाणे. अर्ज टाकला त्याच आठवड्यात त्यांनी आपण निघालो म्हणून गल्लीभर सांगून टाकलं. आपल्याकडे माणूस लांब निघाला की घरोघरी जेवायला बोलावतात आणि पानावरून उठला की टॉवेल-टोपी देतात. जेवलं, टोपी घातली, की निघायचं. नत्थुजींच्या वच्छलाकाकूंनी रोडगे केले, वांग्याची भाजी केली. विहारातल्या मंडळींनी सत्कार केला. रोज एक घर, रोज एक टॉवेल. घरात इतके टॉवेल जमले की सरांनी लॉज काढावा.

महिने लोटले. सर आपले तिथंच. एवढं खाऊनपिऊन माणूस समोर दिसत राहिला की खाऊ घालणाऱ्यालाच अवघडायला होतं.

"सर, काहून अडकलं?" काकूंनी एकदा विचारलंच. "पुन्हा जेवाले बलावू काय? पण टॉवेल एकदाच देतो बाप्पा आमी."

"प्रोसेसिंग सुरू आहे, काकू," सर म्हणाले. व्हिसा खिशात होता.

बातमी जन्मली ती इथून. सरांनी ती खोडली नाही. ज्याचा व्हिसा नाकारतात त्याची लोक कीव करतात. जो घाबरतो त्याला ओट्यासमोरून धड जाऊ देत नाहीत.

सर घाबरले होते खरे. इथे पानाच्या ठेल्यावरही 'सर' म्हणून उधारी चालायची. तिथे कोण म्हणणार? रात्री बॅग पलंगाखालून काढायची, सकाळी कपाटावर टाकायची. क्लासला निघायचं, चौकातून माघारी यायचं, कुलूप ओढून बघायचं. शिकवताना फळ्यावर अर्धं वाक्य लिहायचं आणि खिडकीतून खालचे टायर बघत बसायचं.

अखेर पौर्णिमाबाईंचा फोन आला. "तिकीट काढलं काय?"

"पाहून राहिलो."

"काय पाहून राहिले? विमान काय एसटी आहे, हात दाखवला का थांबते?" मग शांतपणे, "तुमाले यायचं नसन तर तसं सांगा. मी रागावत नाई. दोघींपुरतं घर पाहतो मंग. शनिवारी घरमालकाले सांगायचं आहे."

त्या रागावल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. शनिवारला दोन दिवस होते. दुसऱ्याच सकाळी ते अकोल्याच्या एसटीत चढले. सीट रिकामी असून बडनेऱ्यापर्यंत उभेच होते.

अकोल्याला गोरक्षण रोडवर करिश्मा वानखडे भावाच्या लग्नासाठी आली होती. सरांची जुनी विद्यार्थिनी, आता हॅमिल्टनची. मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून सरांनी हळूच विचारलं, "तिथं माझ्यासारख्याचं काय होते, करिश्मा? खरं सांगजो."

"जय भीम तर घाला आधी, सर," ती हसली. मग सांगू लागली. पहिला गेला अकोल्याचाच गोपाल, संत्र्या-सफरचंदाच्या पॅकिंगच्या कामाला. तो चार महिने एका मल्याळी माणसाच्या गॅरेजात झोपला. दुसरा आला तेव्हा गोपालनं त्याला विमानतळावरून आणून महिनाभर घरी ठेवलं. दुसऱ्यानं तिसऱ्याला ठेवलं. अशी ओळीनं चौदा घरं झाली. पहिली भीमजयंती गोपालच्या गॅरेजात झाली, आता हॉल पुरत नाही.

"अन् एक नियम आहे," करिश्मा म्हणाली. "सगळे जमले का जेवणाची भांडी सगळ्यात शेवटी आलेल्यानं घासायची. त्याच्यामागून कोणी आलं का तो सुटला. इंजिनियर असो का डॉक्टर."

"बरं आहे."

"बरं नाई, सर. पौर्णिमा मॅडमनं घासली, मंग मी आली. माझ्यामागून कोणी आलंच नाई. वर्ष झालं, मीच घासून राहिली. तुमी निघाले ऐकलं तवा मी पेढे वाटले."

"म्हंजे मी तिथं पोचल्यावर..."

"चौदा घरांची ताटं, सर. त्यातले निम्मे तुमचेच पोट्टे." तिनं पदरानं तोंड झाकलं, पण डोळे हसतच होते. "तुमी न आले तर मी म्हातारी होईन त्या सिंकपाशी."

सर जेवले नाहीत. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले, मूर्तिजापूरला उतरून चहा मागवला आणि न पिताच पुन्हा चढले. बडनेरा आलं तेव्हा त्यांच्या मोबाइलवर तिकीट होतं. पौर्णिमाबाईंना त्यांनी एकच ओळ पाठवली, "तिघांपुरतं घे."

पण करिश्माची मावशी राजापेठेतच राहते. सर रिक्षातून उतरायच्या आत भांड्यांची गोष्ट ओट्यावर पोचली होती. निघायच्या दिवशी नत्थुजी पान जमवून तयारच बसले होते. अवतीभोवती अख्खी गल्ली.

"काय सर," नत्थुजी म्हणाले, "एवढे मोठे मास्तर तुमी. आता आपल्याच पोट्ट्यायची उष्टी भांडी घासाले सातासमुद्रापार चालले म्हणता?"

सरांनी बॅग रिक्षात टाकली. "हो, नत्थुजी. पौर्णिमा दीड वर्षापासून परक्या म्हाताऱ्यायचं हगणंमुतणं काढून राहिली, तिले तुमी कधी विचारलं नाई. मंग मले काहून विचारता?"