मुक्कामाची गाडी

पप्पांना पुणं, नाशिक, नांदेड, कोल्हापूर ही सगळी गावं माहीत होती, म्हणजे तिथली स्टँडं माहीत होती. कुठं प्यायचं पाणी चांगलं, कुठं चहात नुसती साखर, कुठला कंट्रोलर उगाच अंगावर येतो, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. स्टँडच्या फाटकाबाहेरचं गाव कसं आहे विचारलं, की "असंल की चांगलंच," म्हणून मोकळे. ते तुळजापूरला लाल गाडीवर कंडक्टर होते. त्यामुळं एमबीए पुण्याच्या विद्यापीठातून करू की कोल्हापूरच्या, असं मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी बराच वेळ हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "पुण्याच्या स्टँडवर गर्दी लई असती बघ."

मी वैतागले. आमच्या घरात पदवीच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं. प्रवेश परीक्षेत दोन्हीकडं नंबर लागेल इतके मार्क पडले होते आणि पसंतीक्रमात एकच नाव वर लिहायचं होतं. एकदा लिहिलं की दोन वर्षं तिथं. धाराशिवला ज्या कॉलेजात मी शिकले तिथल्या सरांनी तर प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "पुणं ते पुणं," म्हणाले आणि वर्गावर निघून गेले.

माझी एक मैत्रीण होती, तुळजापुरातल्या एका लॉजमालकाची मुलगी. तिच्यापुढंही असाच पेच होता, पण तिच्या घरी त्यावर उपाय होता. देवळात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही. तिच्या आईनं तिला आंघोळ घालून नेलं, दगड उजवीकडं फिरला आणि पुणं नक्की झालं. घरी पेढे वाटले. मला तिचा हेवा वाटला, अगदी पोटातून. दगडावर माझा विश्वास नव्हता. पण तिच्या हातांच्या मागं तिची आई उभी होती, मावशी होती, लॉजवरची कामवाली बाईसुद्धा होती. तिचं ठरणं ही सगळ्या घराची गोष्ट झाली होती.

आमचं घर बौद्धांचं. आमच्यात कौल लावत नाहीत. पप्पांना ही गोष्ट सांगितली तर ते हसले आणि म्हणाले, "आपल्यात दगडाला इचारीत न्हाईत. तू शिकलीस ना? मग वाच, आन् तुझं तू ठरव. मी मधी बोलणार न्हाय." हे त्यांनी फार अभिमानानं सांगितलं. त्यांच्या आयुष्यात 'तुझं तू ठरव' असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून ती मला द्यायची सगळ्यात मोठी वस्तू आहे असं त्यांना वाटायचं. मला मात्र तेव्हा भरल्या बाजारात हात सोडून दिल्यासारखं वाटलं.

आई मी शाळेत असताना गेली. मग घरात आम्ही दोघं उरलो, आणि त्यातही एक दिवसाआड मी एकटीच. पप्पांची ड्युटी कोल्हापूरच्या मुक्कामाच्या गाडीवर होती. तुळजापूरच्या देवीचं दर्शन घेऊन कोल्हापूरच्या देवीला जाणारी माणसं पुष्कळ, त्यामुळं गाडी कायम भरलेली. सकाळी निघायची, संध्याकाळी पोचायची, रात्री तिथंच मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. पप्पा नसले की पलीकडच्या गल्लीतली आत्या झोपायला यायची. ती आडवी झाली की लगेच घोरायची. मी छताकडं बघत, आता पप्पा कोल्हापुरात काय करत असतील याचा विचार करत पडून राहायचे. ते कोल्हापूर मी मनातल्या मनात बांधलं होतं. त्यात एक स्टँड होतं, एक नळ होता, एक बाकडं होतं आणि बाकड्यावर पप्पा होते.

म्हणून मी कोल्हापूर लिहिलं. इतकं साधं कारण होतं. अभ्यासक्रम, नोकऱ्या, प्राध्यापक, सगळं वाचलं होतं आणि सगळं पुण्याच्या बाजूनं होतं. पण पप्पा घरी नसतात तेव्हा जिथं असतात, तिथं मी जाऊन राहिले तर एक दिवसाआड ते मला भेटणार होते. घरी होते तितकेच. एसटीवाल्यांच्या घरातलीच पोर असा हिशोब करू शकते. हे कारण मी कुणालाही सांगितलं नाही. व्यवस्थापन शिकायला निघालेली मुलगी विद्यापीठ निवडते ते बापाच्या ड्युटीवरून, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पप्पांना फक्त म्हणाले, "कोल्हापूर चांगलं वाटतंय." ते डेपोत सगळ्यांना सांगत सुटले, "पोरीनं समदं वाचून ठरवलं."

पहिल्याच आठवड्यात ते हॉस्टेलच्या फाटकाशी आले. अंगावर खाकी, काखेत चामड्याची पिशवी, हातात आत्यानं दिलेला डबा. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एका पुडीत गुळाचा खडा. आम्ही फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. ते खोली कशी आहे, पंखा चालतो का, पाणी कुठनं येतं, असं विचारत राहिले. मी ठीक होते. ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि काय झालं कुणास ठाऊक, मी लहान पोरीसारखं भोकाड पसरलं. त्यांची बाही सोडेना. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली बघत होत्या, पण माझा मला आवरच नव्हता. शेवटी रेक्टर बाई आल्या, मला आत पाठवलं आणि पप्पांशी फाटकात उभ्या राहून काहीतरी बोलल्या. मला वाटलं, फीचं काही असेल.

पुढच्या आठवड्यात पप्पांचा फोन आला. "माझी ड्युटी बदलली गं. आता लातूरला जातोय. जाऊन येऊन हाय, मुक्काम न्हाय."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ड्युटी बदलतेच, चार्ट लागतो तसं जावं लागतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त विद्यापीठ निवडताना नेमकं तेवढंच मी विसरले होते. फोन ठेवला आणि खाटेवर बसून राहिले. या गावात मी ज्याच्यासाठी आले होते ते निघून गेलं होतं, आणि मी दोन वर्षांसाठी मागं उरले होते. रागानं मला माझंच हसू आलं.

त्यानंतरचे दिवस मी कसेतरी ढकलले. आठवडाभर बरं असायचं. लेक्चर, प्रेझेंटेशन, गटागटानं करायची कामं. आम्हाला संघभावना शिकवायचे एक सर होते, त्यांच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसायचे आणि जेवायला मात्र एकटी. शनिवार उजाडला की सांगली-साताऱ्याच्या, इचलकरंजीच्या मुली पाठीवर पिशव्या टाकून घरी पळायच्या. हॉस्टेलमध्ये लांबच्या तेवढ्या राहायच्या, त्याही आपापल्या खोलीत दार लावून. रविवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावर नळ गळत असला तर तळमजल्यावर ऐकू यायचा. मी बादल्या भरून कपडे धुवायचे, धुतलेलेही परत धुवायचे, कारण वाळत घालायला गच्चीवर गेलं की निदान रस्ता दिसायचा. मला तेव्हा फार एकटं वाटायचं. घरी आत्याचं घोरणं तरी होतं.

स्टँडकडं मात्र मी एकदाही फिरकले नाही. 'तुळजापूर' अशी पाटी लावलेली गाडी दिसली आणि तिच्यातून दुसराच कुणी कंडक्टर उतरला, तर ते मला बघवणार नव्हतं.

पप्पांचा फोन रोज संध्याकाळी यायचा. "जेवलीस का?" "जेवले. तुम्ही?" "व्हय, जेवतोय आता." एक दिवस त्यांच्या मागं घरातली शांतता असायची, दुसऱ्या दिवशी गाड्यांचा आवाज. आवाज असला की म्हणायचे, "डेपोत हाय, तिकिटाचं मशीन जमा करतोय." मी कधी जास्त विचारलं नाही. विचारलं असतं तर आवाज फुटला असता, आणि त्यांना ते नको होतं हे मला जाणवायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मात्र रिझर्वेशन करायला जावंच लागलं. संध्याकाळ होती, दिवे नुकतेच लागत होते. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीकडं जाताना नळावर तोंड धुणारा माणूस ओळखीचा वाटला. पप्पांच्या गाडीवर वर्षानुवर्षं जे ड्रायव्हर होते, तेच काका. आमच्या घरी कितीदा जेवून गेलेले.

"काका!" मी धावतच गेले. "तुम्ही अजून याच गाडीवर? पप्पांच्या जागी आता कोण असतं?"

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघत राहिले. "पप्पांच्या जागी? पप्पाच हायत की. तिकडं गाडीतच बसलेत. तुला फोन लावायचा आसला की वर रेस्टरूममधी थांबत न्हाईत. गलका आसतो म्हणत्यात."

"ते लातूरला जातात ना?"

"लातूरला?" काका म्हणाले, आणि मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. ते उगाच परत तोंड धुवायला लागले.

स्टँडच्या मागच्या बाजूला, भिंतीला लावून आमची गाडी उभी होती. आत कंडक्टरच्या सीटवर पप्पा. खाकी शर्ट खिडकीच्या गजाला अडकवलेला, अंगात बनियन, मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर डबा. मी खांबाशी थांबले. त्यांनी हात पुसले, फोन काढला आणि माझ्या हातातला फोन वाजला.

"जेवलीस का?"

"नाही अजून. तुम्ही कुठं आहात?"

"हितंच, डेपोत. मशीन जमा करतोय."

तेवढ्यात भोंग्यातून घोषणा झाली, मिरजमार्गे जाणारी कुठलीशी गाडी फलाटाला लागल्याची. एका कानानं ती मला स्टँडवरून ऐकू आली आणि दुसऱ्या कानानं पप्पांच्या फोनमधून. तीच बाई, तेच शब्द. पप्पांनाही ती तशीच ऐकू आली असणार, कारण ते बोलायचे थांबले आणि मान वर करून बाहेर बघायला लागले.

मी गाडीत चढले तेव्हा ते आधी शर्ट ओढून अंगात घालायला लागले. बटणं चुकली. मी समोरच्या सीटवर बसले. सीटखाली कुणाच्या तरी ओटीतले तांदूळ सांडले होते.

"रागावू नको," ते म्हणाले. "त्या म्याडम म्हणल्या, तुमी सारखं आला तर पोर रुळायची न्हाय. थोडे दिवस येऊ नका. तू तर किती रडत हुतीस त्या दिशी. मला वाटलं, माझ्यामुळंच रडती. म्या न्हाय आलो तर रमंल पोरींमधी."

"आणि तुम्ही एक दिवसाआड इथं येऊन बसत होता?"

"ड्युटीच हाय की. येणारच." मग जरा थांबून म्हणाले, "एकदा तुज्या हॉस्टेलपतूर आलतो. वर गच्चीवर कापडं वाळत घालत हुतीस. दिसलीस, गेलो."

माझा संताप संताप झाला. त्यांचा, रेक्टर बाईंचा, माझा, सगळ्यांचा. मी जोरात म्हणाले, "पप्पा, मला पुणं मिळत होतं! कोल्हापूर मी तुमच्या गाडीसाठी लिहिलं. तुम्ही एक दिवसाआड भेटाल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं."

चुकलेलं बटण सोडवणारा त्यांचा हात तसाच राहिला. "वाचून ठरवलं न्हवतंस?"

"वाचलं होतं. ठरवलं गाडीवरून."

डेपोत सांगत फिरलेलं ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. मग त्यांनी डबा सरकवून आम्हा दोघांच्या मधे ठेवला, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्याकडं केला. आम्ही जेवलो. भाकरी कडक होती आणि चटणी तिखट, त्यामुळं कुणी काही बोललं नाही तरी चालून गेलं.

शेवटी मीच म्हणाले, "आता यायचं. प्रत्येक ड्युटीला यायचं. नाहीतर मीच इथं येऊन बसेन."

"आन् परत त्या दिशीसारखं झालं तर? मी निघालो की तू रडणार."

"रडणारच. तुम्ही निघाला की मला रडू येणारच. म्हणून काय यायचं नाही?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. आई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं, आणि मीही त्यांच्याकडं. माझे डोळे तेव्हाच भरून आले होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात झटकले आणि सीटवर सरकून मला शेजारी जागा केली.

"मग रड की," ते म्हणाले. "गाडी सकाळची हाय."