नानांची मधली फेक

नानांचा पहिला संशय माझ्यावर होता. मी नोकरीवर रुजू व्हायला गेलो त्या सकाळी त्यांनी मला फाटकात अडवलं आणि बॅग उघडायला लावली. आत दोन पँट, तीन शर्ट, एक टॉवेल आणि आईने दिलेला तांदळाच्या पापडांचा डबा होता. नानांनी डब्याचं झाकण काढून वास घेतला. "पापडच हायत," ते म्हणाले, पण आवाजात खात्री नव्हती.

"अहो, बाहेर जाणाऱ्याची झडती घेतात. आत येणाऱ्याची कशाला?" मी विचारलं.

"येताना काय आनलं ते ठाऊक नसंल, तर जाताना काय नेलं ते कसं कळंल?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि बॅग बंद केली.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली. मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याच्या थोडं अलीकडे, मुंबईच्या एका साहेबांनी माळ विकत घेऊन तिथे शिबिराची जागा केली होती. शाळांच्या सहली यायच्या, कंपन्यांची माणसं दोन दिवस हवा खायला यायची. मी मुरबाडचा. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन घरी बसलो होतो, तर साहेबांनी मला खेळाचा मास्तर म्हणून ठेवलं. नाना तिथले राखणदार. साठीला टेकलेले, काटक, टोपी डोळ्यांवर ओढलेली. कल्याणकडच्या एका कापड कारखान्याच्या फाटकावर त्यांनी बावीस वर्षं सुटणाऱ्या पाळीची झडती घेतली होती. पुढे कारखाना बंद पडला, नाना गावी परतले आणि येताना कारखान्यातून एवढी एकच गोष्ट घेऊन आले, ती म्हणजे संशय. आसपासच्या पाड्यांत त्यांना सगळे डाऊटनाना म्हणायचे. त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणायचे, आणि असं म्हणण्यामागे त्यांचा काही हेतू असावा असा नानांना डाऊट होता.

त्यांच्या संशयाला लहानमोठं कळत नसे. मुरबाडच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना दोन रंगांच्या गोळ्या दिल्या, तर त्यांनी पांढऱ्या घेतल्या आणि गुलाबी तशाच ठेवल्या. "पांढरीनं काम होत असंल तर गुलाबी कशाला दिली? आन् होत नसंल तर पांढरी कशाला दिली?" एसटीत रिकामी जागा दिसली तर आधी खाली वाकून बघायचे, मग बसायचे. रिकामी का राहिली, हे कळल्याशिवाय ते बूड टेकवत नसत.

अशा माणसाच्या हाती साहेबांनी एक दिवस तबकडी दिली.

साहेब परदेशातून एक खेळ शिकून आले होते. हातभर व्यासाचीही नाही अशी प्लास्टिकची तबकडी असते. माळावर लांबलांब अंतरावर नऊ खांब रोवलेले. प्रत्येक खांबाला खाली लोखंडी टोपली आणि वर साखळ्यांची झालर. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. टोपल्या मुरबाडच्या वेल्डरने केल्या. हे कोंबड्या ठेवायला का शेळ्यांना चारा घालायला, असं तो मला शेवटपर्यंत विचारत होता.

मला वाटलं, हा जोराचा खेळ आहे. माझा हात चांगला होता. पहिली फेक मी अशी काढायचो की पाहुणे टाळ्या वाजवायचे. नानांची पहिली फेक मात्र बेताची, वयाला शोभेल अशी. शेवटची जवळची फेकही काही फार मोठी नाही. पण मधली! टोपली तीस-चाळीस पावलांवर राहिली की नाना वेगळे व्हायचे. मग ते तबकडी घासून पुसायचे, तिला उलटी करून बघायचे आणि तशीच हातात धरून टोपलीपर्यंत चालत जायचे. खांबाच्या मागे काय आहे ते बघायचे, पायाने माती दाबायचे, चिमूटभर वाळकं गवत वर उडवायचे आणि परत यायचे. पाहुणे तोवर जांभया देत असायचे. मग नाना कमरेतून थोडंसं वळून एक आखूड, सपाट फेक टाकायचे. तबकडी गुडघ्याच्या उंचीने जायची आणि टोपलीपासून दोन हातांवर गपकन बसायची. टोपलीत ती क्वचितच जायची, पण लांबही कधी पडली नाही.

"नाना, तुम्ही सरळ टोपलीवर का नाही मारत?" मी एकदा विचारलं.

"टोपली बोलावते ना, म्हनून. जी वस्तू एवढी बोलावते तिच्या पाठीमागं काय हाय ते बघून घ्यावं."

सातवी टोपली उंचवट्यावर होती; तिच्या पाठीमागे उतार होता आणि उताराखाली ओहोळ. तिथे नाना नेहमी टोपलीच्या अलीकडे, खालच्या अंगाला तबकडी टाकायचे. पुढची फेक चढावर करावी लागली तरी चालेल. चुकली तर तबकडी आपल्याच पायाशी येते, ओहोळात जात नाही. उन्हाळ्यात माती भाजून निघाली की म्हणायचे, "आज जमीन टप्पा देनार, दोन पावलं आधीच टाकायची." वारा समोरून असला तर तबकडी खालून सोडायचे, कारण समोरचा वारा तिला उचलतो. पाठचा वारा असला तर ती दाबली जाते, म्हणून थोडी वर. हे सगळं मी पदवीला शिकलो नव्हतो. नानांनाही कोणी शिकवलं नव्हतं. त्यांचा फक्त वाऱ्यावर, मातीवर, उतारावर आणि तबकडीवर विश्वास नव्हता.

एकदा एका कंपनीचे मोठे अधिकारी आले. अंगात खेळाडूचे कपडे, पायांत तसलेच बूट. सातव्या टोपलीशी त्यांची आणि नानांची गाठ पडली. दोघांची दुसरी फेक व्हायची होती. नानांनी आपली नेहमीची अलीकडची जागा निवडली, तेव्हा अधिकारी हसले. "अरे काका, थोडी डेअरिंग करा!" म्हणाले आणि साखळ्यांवर नेम धरून जोरात सोडली. तबकडी साखळ्यांना चाटून पलीकडे गेली, उतारावर कडेवर उभी राहिली आणि चाकासारखी धावत ओहोळात पडली. नाना ओहोळाकडे निघाले. स्वतः उतरून त्यांची तबकडी काढून आणली, पंच्याने पुसली आणि त्यांच्या हातात देताना एवढंच म्हणाले, "सायेब, पयली फेक अंगाची, शेवटची देवाची. आपली काय ती मधली."

ते वाक्य मी मनावर घेतलं. नानांच्या मागे मागे फिरून मीही गवत उडवू लागलो, माती दाबू लागलो. माझी मधली फेक सुधारली, पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मी दुधात बोट बुडवून बघायला लागलो. आईने फोनवर "सगळं ठीक आहे" म्हटलं तरी ती काय लपवते आहे याचा विचार करायला लागलो. आणि एप्रिलच्या एका सकाळी तबकड्यांच्या पेटीत मला पाच तबकड्या कमी दिसल्या.

त्या तबकड्या साहेबांनी परदेशातून आणलेल्या, इथे कुठे मिळणाऱ्या नव्हत्या. पेटी माझ्या ताब्यात होती. दोन दिवसांनी तीन परत आल्यासारख्या दिसल्या, पण दुसऱ्या तीन गायब. मी स्वयंपाकाच्या मावशींवर संशय घेतला, तंबूवाल्यावर घेतला. मग एका संध्याकाळी नाना घरी निघताना त्यांच्या कापडी पिशवीचा तळ मला गोल दिसला.

त्या वेळी मी जे केलं ते कबूल करताना आजही मान खाली जाते. फाटकाशी मावशी होत्या, तंबूवाला होता, दोन पाहुणे होते. त्या सगळ्यांदेखत मी म्हणालो, "नाना, पिशवी उघडा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवी जमिनीवर ठेवली आणि तोंड मोकळं केलं. पंच्यात गुंडाळलेल्या तीन तबकड्या निघाल्या.

"बावीस वर्षं लोकांची झडती घेतलीत ना," मी म्हणालो, "ती हेच शिकायला?"

नानांनी पंचा खांद्यावर टाकला. तबकड्या माझ्या हातात दिल्या, रिकामी पिशवी झटकली, घडी घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी नानांच्या घरून त्यांची बायको, म्हणजे काकी, आल्या. पाड्यापासून उन्हातून चालत आल्या होत्या. त्यांनी पदराखालून आणखी दोन तबकड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "ह्या पाट्याखाली राह्यल्या व्हत्या," म्हणाल्या.

"पाट्याखाली?"

"सरळ व्हायला रे. गरम पान्यात घालायचे न् रातभर पाट्याखाली दाबून ठेवायचे. माझा वाटनाचा पाटा अडवून ठेवला त्यांनी. तुमी ती पेटी पत्र्यावर उन्हात टाकून गेलता ना घरी, दोन दिस? वाकड्या झाल्या सगळ्या. म्हनत व्हते, सायबाला कळलं तर मास्तरची नोकरी जाईल."

मी पेटीतल्या तबकड्या एकेक करून सपाट दगडावर ठेवून बघितल्या. काही डुगडुगत होत्या आणि काही बसत होत्या. ज्या बसत होत्या त्या नानांच्या घरी जाऊन आलेल्या होत्या. पेटी पत्र्यावर टाकून मी खरोखरच घरी गेलो होतो, आणि आल्यावर माझ्या काही लक्षातही आलं नव्हतं.

त्याच दुपारी मी पाड्यावर गेलो. नाना ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी म्हणालो, "नाना, चुकलं माझं. पण मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी सायबाला खरं सांगून मोकळे झाले असते. तुमचा तेवढा डाऊट मला व्हता."

"मला माफ करा."

"माफी कसली? फाटकावर हयगय करायची नाय. मी सख्ख्या मेव्हन्याला सोडला नाय." दोरीला पीळ देत ते हसल्यासारखे झाले. "उद्या येतो."

आले. आणि त्या संध्याकाळी घरी जाताना फाटकाशी थांबले, पिशवी काढली, तोंड मोकळं करून माझ्यापुढे धरली. आत डबा आणि पंचा होता. "नाना, राहू द्या," मी म्हणालो. ते हलले नाहीत. मी आत बघितलं, तेव्हा कुठे गेले. दुसऱ्या दिवशी तसंच, आणि मग रोज. रागाने नाही. कामाची गोष्ट काम म्हणून करावी तसं. दिवसभर माझ्याशी बोलत, फेकी शिकवत, माझ्या पापडांचा वास घेत. पण संध्याकाळी पिशवी पुढे यायचीच. मी विनवण्या केल्या, एकदा चिडलो, एकदा फाटकाकडे गेलोच नाही, तर ते शोधत माझ्या खोलीपर्यंत आले. दोन वर्षं मी रोज त्या पिशवीत एक डबा आणि एक पंचा बघितला. नोकरी गेली असती तर बरं, असं तेव्हा अनेकदा वाटलं.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तापाचं निमित्त झालं. मी तेव्हा शहापूरच्या शाळेत लागलो होतो, मला आठवड्याने कळलं. त्यांची आठवण आली की मला शिबिराचा शेवटचा दिवस आठवतो.

साहेबांनी जागा विकली होती. टोपल्या उपटून झाल्या होत्या. सकाळी टेम्पो येणार होता आणि तबकड्यांची पेटी मोजून, बांधून त्यात चढवायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी नाना निघाले. फाटकाशी आले, थांबले. पिशवी खांद्यावरून काढली. रोजच्यापेक्षा ती भरलेली दिसत होती आणि तळाशी काहीतरी होतं. गोल होतं की नव्हतं, ते मी सांगू शकणार नाही. त्यांनी गाठीला हात घातला आणि माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले. गाठ सोडली नाही.

मला काय करायचं ते कळायला थोडा वेळ लागला. मग मी फाटक उघडलं, पूर्ण उघडलं, आणि बाजूला झालो.

नानांनी पिशवी परत खांद्याला लावली. "येतो मास्तर," म्हणाले आणि रस्त्याला लागले. वळणापर्यंत मी बघत होतो. ते एकदाही मागे वळले नाहीत.

सकाळी टेम्पो आला. पेटीला मी तशीच दोरी बांधली. साहेब गाडीतून उतरले आणि त्यांनी विचारलं, "सगळ्या आहेत ना रे? मोजल्यास?"

"आहेत," मी म्हणालो, "सगळ्या आहेत."