वरून टाकलेली शाई

रामकुँवर जिज्जीचं नाव आधी लिहितो. मागाहून लिहिलं तर माझंच रडगाणं पुढं येईल.

जिज्जी म्हणजे तिकडं थोरली बहीण, माझी मानलेली. परमुलखात मला पहिली भाकर तिनं दिली. भाकर म्हणजे गकरिया, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला जाड रोट. त्या गावात रेल्वेच्या रुळावर राबणाऱ्या गँगमनला, त्यातून आमच्या जातीच्या गँगमनला, कुणी ओसरी देत नव्हतं. तिनं गोठ्याशेजारची खोली दिली. ताप चढला तेव्हा उशाशी बसली. तिचे उपकार मोजायला बसलो तर कागद पुरायचा नाही. पण त्यातला एक सगळ्यांत मोठा. तिनं मला माझंच बोट दाखवलं.

आता काय झालं ते सांगतो.

शाळा सातवीत सुटली. पुढं बाप रुळावर काम करताना मेला, त्याच्या जागी रेल्वेनं मला घेतलं आणि झाशीकडं टाकलं. भुसावळच्या अलीकडचं माझं गाव तिथून इतकं लांब, की आईचं पत्र येईपर्यंत तिचं दुखणं बरंही झालेलं असायचं. समथरकडं जाणारा रस्ता जिथं रूळ ओलांडतो, त्या बाजूच्या एका गावात आमची गँग होती. गावाचं नाव लिहीत नाही. जिज्जी अजून तिथंच राहते.

मताचं वय तेव्हा एकवीस होतं. माझं नाव यादीत पहिल्यांदा आलं होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. शाळेतून नाही, बखरीतून. बखरी म्हणजे गावच्या जमीनदाराचं घर. जमीनदाराला सगळे दाऊ म्हणायचे. शाळेची आणि बखरीची भिंत एकच. भिंतीपलीकडं मतपेटी, अलीकडं आम्ही. आमच्या टोल्यातली, म्हणजे आमच्या जातीच्या वस्तीतली, सगळी माणसं अंगणात उकिडवी बसलेली. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. नावाच्या चिठ्ठ्या दाऊच्या कारिंद्यानं, म्हणजे कारभाऱ्यानं, आधीच गोळा केलेल्या. त्याच्या हातात शाईची बारकी बाटली आणि कडुलिंबाची काडी. सरकारी शाई बखरीत कशी आली, मी विचारलं नाही. माझी पाळी आली. मी बोट पुढं केलं.

"नीचे. ज़मीन पे."

मी बोट जमिनीवर टेकवलं. त्यानं हातभर उंचीवरून काडीचा थेंब सोडला. पहिला चुकला, धुळीत पडला.

"हिल मत रे!"

दुसरा नखावर बसला. काडी बोटाला लागली नाही. त्यानं लागू दिली नाही. आमच्या गावी आडावर ओंजळीत पाणी असंच वरून सोडायचे. तसंच. फक्त हे निळं होतं.

ओसरीवर बसलेला दाऊ म्हणाला, "तुमाओ वोट पर गओ. जाओ, पूड़ी खाओ."

तुमचं मत पडलं, म्हणे. आणि मी काय केलं? हात जोडले. आईनं शिकवलेलं, परमुलखात कुणी काही दिलं तर हात जोडावेत. मी म्हणालो, "बड़ी मेहरबानी, दाऊ."

हे मी बोललो. माझ्या तोंडानं. कुणी मारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. आजही रुळांच्या जोडपट्टीला तेल घालताना बुधलीतून थेंब सुटला की माझं डावं बोट आपोआप मुठीत जातं. जोडीदार हसतो. म्हणतो, "क्यों, तेल काटता है क्या?"

दुपारी खोलीत बसून आईला कार्ड लिहीत होतो. जिज्जी दारात आली.

"का लिख रये, लला?"

मी बोट वर करून दाखवलं आणि वाचून दाखवलं. आई, आज मी मत दिलं.

ती हसली. "काए लला, कौन के ब्याओ में टीका लगवा आए?" कुणाच्या लग्नात टिळा लावून आलास, असं. मग हसू आवरून तिनं विचारलं, "तैंने डिब्बा देखो?"

पेटी? नाही पाहिली.

"मैंने सोई नईं देखो." मी पण नाही पाहिली.

आणि तिनं तिच्या गावचा इतिहास सांगितला. लिहितावाचता येत नव्हतं, पण एकेक निवडणूक तिच्या बोटावर होती. थोरलीचं लग्न झालं त्या साली एक. तेव्हा म्हणे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. म्हैस साप चावून मेली त्या साली एक. तोवर एकच पेटी आणि शिक्का आला होता. नवरा गेला त्या साली एक. उमेदवार बदलले, चिन्हं बदलली, दाऊनं दोनदा आपली बाजू बदलली. अंगण तेच. काडी तीच. एकदा तर दाऊचा बाप मरून महिना झाला होता. "बे सोई वोट डार आए," जिज्जी म्हणाली. तो मेलेला म्हातारा भिंत ओलांडून मत टाकून आला, आणि जित्ती मी अलीकडं बसून राहिले.

मी हसलो. ती हसली नाही.

कार्ड मी टाकलं नाही. रुळावर जाऊन रॉकेलनं बोट घासलं. मग खडीनं घासलं. कातडं सोललं, रक्त आलं. शाई गेली नाही. महिनाभर नखासोबत वाढत राहिली, आणि मी ती जेवताना बघत राहिलो.

पुढची निवडणूक आली तोवर मी तिथंच होतो. आदल्या आठवड्यात जिज्जी म्हणाली, "अबकी डिब्बा देखनें." बास, एवढंच. कुणाला मत द्यायचं, तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या सकाळी आम्ही बखरीत गेलो नाही. शाळेच्या वाटेला लागलो. कारिंदा कोपऱ्यावर उभा होता.

"काए जिज्जी, गैल भूल गईं?" वाट चुकलात काय.

"नईं भैया," ती म्हणाली, "आज याद आई."

शाळेत टेबलामागं मतदानाचे साहेब होते. झाशीच्या बड्या बाजारातले, जुन्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घराण्यातले. माझा उच्चार ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "आपण आमच्याकडचे की काय? वा! इकडे कानावर मराठी पडणे म्हणजे पर्वणीच." मला केवढा धीर आला. वाटलं, सुटलो. मग त्यांनी यादीत जिज्जीचं आणि माझं नाव शोधलं. माझ्या आडनावावर त्यांचं बोट थांबलं. बोलणं तिथंच बदललं.

"तुझे मत होऊन गेले. हिचेही."

मी म्हणालो, "बोटं बघा, साहेब." जिज्जीनं तर्जनी वर केली. काळी, भेगाळलेली, स्वच्छ. बाकावर दाऊचे लोक बसले होते. त्यातला एक म्हणाला, "धो आई हुइए." धुऊन आली असेल. सगळे हसले. ही शाई धुतली जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

साहेब पुढं वाकले. हळू आवाजात, शुद्ध मराठीत बोलले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. "हे बघ. परमुलखात आहेस. रेल्वेची नोकरी आहे. कशाला ह्या लोकांच्या भानगडीत पडतोस? हात जोड आणि घरी जा."

आणि माझे हात खरोखर वर आले. छातीपर्यंत आले. मला ते दिसत होते. माझेच हात, मला न विचारता जुळत चाललेले. इतक्या वर्षांनी आईच्या भाषेत कुणी मला काही सांगत होतं, आणि ते हे सांगत होतं.

मी हात खाली केले. सांगतो, रुळाचा तुकडा खाली ठेवावा इतकं जड गेलं ते.

मग मोठ्यानं, हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इनका वोट किसने डाला? मेरा किसने डाला?"

मी पुन्हा विचारलं. साहेबांनी एक पुस्तिका काढली, पानं उलटली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आपल्या नावे दुसऱ्याने मत टाकले असेल, तर मागणाऱ्यास वेगळा कागद देता येतो. आजवर इथे कुणी मागितला नाही."

"हम माँगत हैं," जिज्जी म्हणाली.

तिच्या बोटाला शाई लागली. शिपायानं बोट हातात धरून लावली. कागद घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली आणि थेट पेटीकडं गेली. पेटीवर हात ठेवला, देवळातल्या पायरीवर ठेवतात तसा. कागद फटीत घालणार तोच साहेबांनी फटीवर तळवा ठेवला.

"इसमें नहीं, अम्मा. ये लिफ़ाफ़े में जाएगा."

जिज्जीनं विचारलं, "लिफाफा गिनत हैं?"

लिफाफा मोजतात का? साहेबांनी लिफाफा पुढं केला. तिचा कागद लिफाफ्यात गेला. माझाही गेला. पेटीत गेलं ते दुसऱ्याच कुणीतरी आमच्या नावानं टाकलेलं.

त्यानंतर दाऊच्या विहिरीवर टोल्याला पाणी बंद झालं. बाया रेल्वेच्या टाकीवरून घागरी वाहू लागल्या. काही बाया जिज्जीला शिव्या द्यायच्या, ती ऐकून घ्यायची. महिन्याभरात माझी बदली झाशीच्या यार्डात झाली. कुणी केली, का केली, कागदावर काही नव्हतं. जिज्जी मला गाडीवर पोचवायला आली. फडक्यात चार गकरिया बांधून दिल्या.

मी म्हणालो, "जिज्जी, माझ्यापायी तुला..."

"चुप रओ. डिब्बा तो देख लओ." पेटी तर पाहिली. आणि गाडी हलताना म्हणाली, "भीतर नईं देखो."

आत नाही पाहिलं.

तिचे डोळे आता अधू झालेत. गावाकडून येणारा प्रत्येकजण सांगतो, अजून विचारते, निवडणूक कधी. त्या दोन लिफाफ्यांचं काय झालं, मला माहीत नाही. कुठल्या कपाटात असतील, का जाळले असतील. मिटलेल्या डोळ्यांपुढं मला तेच दिसतात.

आता मला एक गोष्ट माहीत आहे, तेव्हा नव्हती. मतदान सुरू व्हायच्या आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींना पेटी उघडून दाखवतात, रिकामी आहे म्हणून. तिथं आजवर दाऊची माणसं उभी राहिली. पुढच्या वेळी मी असेन. जो उमेदवार मला प्रतिनिधी म्हणून घेईल त्याचा कागद घेऊन जाईन. कुणीच घेतलं नाही, तर अर्ज भरून मीच उभा राहीन. नोकरी सोडावी लागली तर सोडीन. ती रिकामी पेटी मी डोळ्यांनी बघीन, आतून, तळापर्यंत, आणि बाहेर येऊन जिज्जीला सांगीन. तोवर ती दारात पहिली उभी असेल, तिच्या आधी कुणाचाही कागद आत जाणार नाही.

जिज्जी, तुझं हे देणं मी फेडीन. हात जोडून नव्हे.