मेळाव्यातलं शेवटचं गाणं

आम्हा कार्टूनवेड्यांचा मेळावा पेणला भरवायचा ठरला, तेव्हा घरच्यांनी मला सरळ विचारलं, "लग्नाच्या वयात कार्टून बघतेस ते बघतेस, वर चार लोकांना बोलावून दाखवणार?" मी म्हटलं, "दाखवणार, आणि तुम्हीही यायचं. खुर्च्या मांडायला माणसं कमी आहेत." माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ॲनिमे हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. आमच्यासाठी ती जपानी कार्टून. टीव्हीवर लागली की व्हीसीआरवर भरून ठेवायची. कुणाचा मामा बोटीवर असला तर त्याच्या बॅगेतून येणाऱ्या कॅसेटकडे डोळे लावून बसायचं. मग दोन व्हीसीआर वायरीनं जोडून आवडते तुकडे एका कॅसेटवर घ्यायचे आणि मूळ आवाजाच्या जागी आपल्या पसंतीचं गाणं भरायचं. पॉजचं बटण जरा उशिरा सुटलं की तलवार उपसणारा वीर नेमका जांभई देताना दिसायचा. एकेका गाण्याला महिना जायचा. लोक आम्हाला रिकामटेकडे म्हणायचे. होतोच.

यातली खरी उस्ताद माझी रोह्याची मैत्रीण. तिला मुंबईला जाऊन एडिटिंगचा कोर्स करायचा होता. तिचे वडील रोह्याजवळच धाटावला कंपनीत कामाला. ते हो म्हणत नव्हते की नाही म्हणत नव्हते. "काय करतंस ते आधी बगतो, मंग सांगतो," एवढंच. त्यासाठी ते मेळाव्याला येणार होते आणि प्रवेशाची मुदत तर तोंडावर आली होती. म्हणजे तिचा निकाल आमच्या त्या कार्यक्रमात लागायचा होता.

जागा मिळवली पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या एका मित्रानं. तो मूर्ती रंगवायचा. गणपती होऊन गेले होते, त्यामुळे पेणमधला त्याच्या ओळखीचा एक कारखाना रिकामाच होता. मूर्ती ठेवायच्या फळ्यांवर आम्ही भाड्याचा मोठा टीव्ही चढवला. गाण्यांचा क्रमही त्यानंच ठरवला. "आमच्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती सगळ्यात चांगल्या हाताची. हिचं गाणं शेवटी!" पेणमध्ये बसून या बोलण्याला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. त्याच क्रमानं सगळी गाणी एका कॅसेटवर उतरवली आणि कॅसेट महाग म्हणून मूळच्यांवर दुसरं काही भरून टाकलं. रोह्याची येष्टी कधी सुटते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला तोच उशिरा. निम्मी गाणी झाली असतील नसतील, मी मागे बघते तर तिचे वडील पिशवी काखोटीला मारून उभे. त्यांची रात्रपाळी होती. ही गाडी चुकली की शिफ्ट चुकली. मैत्रीण भिंतीला टेकून रडवेली झालेली. असा राग आला मला! अगो, सांग की बापाला, थांबा म्हणून!

मी तडक व्हीसीआरपाशी गेले आणि कॅसेट पुढे पळवायला लागले. मित्र धावत आला. "मधल्यांनी काय घोडं मारलंय? डोळे आधी आखून मग अंग रंगवायचं काय?"

"तुझ्या गणपतीला येष्टी पकडायची नसते!" मी ओरडले. सगळा कारखाना हसला. तोही हसला आणि बाजूला झाला.

गाणं लागलं. समुद्रावरून विमान उडवणारी एक मुलगी, आणि मागे चक्क धवला. आमच्याकडे लग्नात धवलारीण म्हणते ते गाणं. ढग उघडायचा तिथे सूर चढायचा, विमान वळायचं तिथे ओळ वळायची. ज्याचं मधलं गाणं मी पळवलं होतं असा एक जण माझ्या नावानं बोटं मोडत होता, तोही मान उंचावून बघायला लागला.

वडिलांचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर होतं. ते आत आलं. "आयला," ते शेजारच्याला म्हणाले, "ही तर आमची मंडळी गातेय!" मैत्रिणीची आई धवलारीण. टेपरेकॉर्डर लपवून पोरीनं तिचा आवाज भरून घेतला होता, घरात कुणाला पत्ता नाही.

गाणं संपलं. वडिलांनी पिशवी खाली ठेवली आणि पुढच्या रांगेत येऊन बसले. "पयल्यापासून लाव," ते लेकीला म्हणाले. "मागं पोरं हसत व्हती, नीट आयकू नाय आलं."

"बाबा, येष्टी..."

"जाऊ दे गो ती."

ते गाणं आम्ही तीनदा लावलं. मग वडिलांनी कॅसेट मागितली. "आयसला दाखवतो हिच्या. तिनं बगितल्याबिगर ही मुंबईला कशी जाईल?" त्या कॅसेटवर आम्हा सगळ्यांची गाणी होती आणि दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. तरी मी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. व्हीसीआरमधून काढून ती त्यांच्या हातावर ठेवली. रोह्याच्या वाटेवरच्या गडबकडे निघालेल्या एका ट्रकमध्ये बापलेक चढली, आणि आमचा अख्खा मेळावा त्यांच्या पिशवीतून रोह्याला गेला.

मैत्रिणीचा प्रवेश झाला. कॅसेट तिच्या आईनं अजून परत दिलेली नाही.